छोटे जेट, मोठा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत मधुमेह झाला, गुडघेदुखी झाली, मृत्युपत्रही झाले. समितीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "विमान." सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले, बँकेवर बोला ना!" मी म्हटले, विमानावरच बोलतो, पण बोलणार बँकवाल्यासारखाच.

माझी नोकरी एका राष्ट्रीयीकृत बँकेत झाली. त्यातली बरीच वर्षे उद्योगांच्या कर्जविभागात गेली. टेबलावर प्रोजेक्ट रिपोर्ट यायचे. कोणी साबण काढणार, कोणी पंप, कोणी औषधाच्या गोळ्या. माल कोणताही असो, शेवटच्या पानांवर एकच तक्ता असायचा: इतका माल निघेल, इतका खपेल, इतका पैसा सुटेल. आमचे काम त्या तक्त्याला टोचून बघण्याचे. विमानांची आवड मात्र लहानपणापासूनची. या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र आल्या, त्या एका विमानाची गोष्ट आज सांगतो. त्याचे नाव एक्लिप्स 500.

आधी हे विमान कोणत्या जातीचे ते बघू. मोठ्या कंपन्यांचे मालक आठ-दहा माणसांच्या जेटमधून फिरतात, ती बिझनेस जेट. त्यातला सगळ्यात लहान प्रकार म्हणजे अतिहलके जेट. उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन साधारण साडेचार हजार किलोच्या आत, बसायला चार-सहा जागा, आणि एकट्या वैमानिकाला चालवायची परवानगी, ही त्याची ढोबळ ओळख. एक्लिप्स त्यातही लहान. लांबी सुमारे 33 फूट, म्हणजे आपल्या एस.टी.च्या लाल गाडीएवढी. पंखांचा विस्तार 38 फुटांच्या आसपास. वैमानिकासह सहा जागा. आत शौचालय नाही. (हशा) हसू नका, आपल्या वयाच्या माणसांनी हा मुद्दा आधी बघायचा असतो.

ही कल्पना निघाली 1990 च्या दशकात अमेरिकेत. तिथे छोट्या विमानांचा धंदा बसला होता. अमेरिकेच्या नासा संस्थेने छोट्या विमानांसाठी नवी, स्वस्त इंजिने व्हावीत म्हणून एक कार्यक्रम हाती घेतला. त्यात विल्यम्स इंटरनॅशनल ही कंपनी होती. क्रूझ क्षेपणास्त्रांची चिमुकली जेट इंजिने बनवण्यात तिचा हातखंडा. त्या कंपनीने प्रसिद्ध विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या संस्थेकडून एक छोटे प्रायोगिक जेट बनवून घेतले आणि 1997 साली ते ऑशकॉशच्या विमानमेळाव्यात लोकांना दाखवले.

ते बघून भारावलेल्यांपैकी एक गृहस्थ म्हणजे व्हर्न रॅबर्न. मायक्रोसॉफ्टच्या अगदी सुरुवातीच्या काळात तिथे काम केलेला माणूस, स्वतः वैमानिक. 1998 साली त्यांनी एक्लिप्स एव्हिएशन ही कंपनी काढली. गुंतवणूकदारांत खुद्द बिल गेट्स होते. पुढे न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की गावी कारखाना उभा राहिला.

रॅबर्न संगणकाच्या धंद्यातून आलेले. त्या धंद्याचा अनुभव असा, की वस्तू हजारांनी, लाखांनी काढली की किंमत कोसळते, किंमत कोसळली की गिऱ्हाईक वाढते, आणि गिऱ्हाईक वाढले की किंमत आणखी उतरते. त्यांना वाटले, विमानाचे असे का होऊ नये? 2000 साली त्यांनी भाव जाहीर केला, 8 लाख 37 हजार 500 डॉलर. त्या वेळी नवे, सगळ्यात लहान बिझनेस जेट घ्यायचे तर तीस लाख डॉलरच्या पुढे मोजावे लागत. म्हणजे हा भाव पाव ते तिसरा हिस्सा! बाजारात खळबळ उडाली. लोकांनी रांगा लावून अनामती भरल्या.

आता इथे बँकवाल्याची पेन्सिल थांबते. हा भाव खर्चावरून निघालेला नव्हता. वर्षाला शेकड्यांनी, पुढे हजाराच्या घरात विमाने निघतील असे धरून तो निघालेला होता. त्यावेळचे खरे चित्र काय होते? 2005 साली जगातल्या सगळ्या कंपन्यांची, सगळ्या आकारांची मिळून सुमारे साडेसातशे बिझनेस जेट विकली गेली. एका नव्या कंपनीने, जिने आधी एकही विमान विकलेले नाही, तिने एकटीने तेवढी काढायची, असा तो तक्ता होता. माझ्या टेबलावर असा रिपोर्ट आला असता तर मी एकच टिपण केले असते, "याच्या एक चतुर्थांश माल खपला तर काय होईल, तो तक्ता जोडावा."

पण गंमत अशी, की माणसे कामाची होती आणि काम खरे होते. ते बाजूला ठेवून चालणार नाही.

विमानाचे पत्रे एकमेकांना रिव्हेट मारून जोडतात. विमानतळावर पंखाजवळची खिडकी मिळाली तर ठिपक्यांच्या रांगा दिसतात, ते रिव्हेट. एकेक भोक पाडा, एकेक रिव्हेट बसवा, तपासा. वेळखाऊ आणि महागडे काम. एक्लिप्सने तिथे घर्षण-जोडणी आणली. इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संस्थेत 1991 साली ही रीत निघाली. फिरता दांडा दोन पत्र्यांच्या सांध्यावर दाबून पुढे नेतात. घर्षणाने धातू तापतो, मऊ होतो, पण वितळत नाही. कणीक मळावी तसा तो मळला जातो आणि दोन्ही पत्रे एकजीव होतात. या रीतीने प्रत्येक विमानामागे सात हजारांच्या आसपास रिव्हेट वाचले. विमानाच्या इतक्या पातळ पत्र्यांसाठी ती इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच वापरली गेली.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे सगळे विमान संगणकाने चालवणारी एकात्म यंत्रणा. मोठ्या विमानात जे काम वैमानिक आणि सहवैमानिक मिळून करतात, त्यातले बरेचसे यंत्रणेने करावे आणि एकट्या माणसाला विमान झेपावे, अशी कल्पना.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची, इंजिन. विल्यम्सचे ईजे 22 नावाचे इंजिन होते फक्त 39 किलोच्या आसपास वजनाचे, आणि त्याचा रेटा साडेतीनशे किलोचा. दोन माणसांनी सहज उचलावे असे जेट इंजिन! या इंजिनावर विमानाचे वजन, वजनावर वेग, वेगावर खप आणि खपावर भाव, अशी सगळी उतरंड रचलेली होती.

26 ऑगस्ट 2002 रोजी एक्लिप्सने पहिले उड्डाण केले, आणि त्याच उड्डाणानंतरच्या काळात उतरंडीचे तळातले मडके सरकले. इंजिन हवे तसे काम देईना. नोव्हेंबर 2002 मध्ये कंपनीने विल्यम्सशी संबंध तोडले. फेब्रुवारी 2003 मध्ये प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा या मातब्बर कंपनीचे नवे इंजिन निवडले. ते भरवशाचे, चारशे किलोहून थोडा जास्त रेटा देणारे, पण जास्त जड.

इंजिन जड झाले की काय होते ते गृहिणींना लगेच कळेल. पाहुणे चार वाढले की फक्त पोळ्या वाढत नाहीत; पातेले मोठे लागते, गॅस जास्त लागतो. तसेच इथे. जड इंजिनासाठी शेपटीकडचा सांगाडा मजबूत करावा लागला, जास्त इंधन लागले, त्या इंधनासाठी पंखांच्या टोकांच्या टाक्या मोठ्या झाल्या, त्यांचे पुन्हा वजन. मूळ आराखड्यातले सुमारे 2,100 किलोचे विमान शेवटी 2,700 किलोच्या आसपास गेले. नव्या इंजिनाचे पहिले उड्डाण झाले 31 डिसेंबर 2004 रोजी. दोन वर्षांहून अधिक काळ गेला. आणि भाव? तो साडेनऊ लाख डॉलरवर गेला, मग वाढत वाढत 2008 साली साडेएकवीस लाखांवर.

तरीसुद्धा विमान झाले, आणि चांगले झाले. सप्टेंबर 2006 च्या अखेरीस अमेरिकेच्या नागरी उड्डाण प्रशासनाने त्याला पूर्ण प्रमाणपत्र दिले. त्याआधीच 2005 सालचा कॉलियर करंडक, म्हणजे अमेरिकी विमानविद्येतला सर्वांत मानाचा सन्मान, एक्लिप्सला मिळाला होता.

त्याची कामगिरी बघा. कमाल वेग 370 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 685 किलोमीटर. आपली प्रवासी विमाने साडेआठशेच्या आसपास जातात, त्या मानाने हे बाळ फार मागे नाही. उंची 41,000 फुटांपर्यंत, म्हणजे प्रवासी विमानांच्या बरोबरीने किंवा वरूनही. इतक्या उंचीवर कशाला जायचे? तिथे हवा विरळ, अडथळा कमी, त्यामुळे तेच इंधन जास्त अंतर पुरते, आणि बहुतेक ढग-वादळे खाली राहतात. इंधन तासाला सव्वादोनशे लिटरच्या घरात, दोन इंजिनांच्या जेटच्या मानाने फारच थोडे. एका दमात पल्ला दोन हजार किलोमीटरच्या पुढे. मुंबई-दिल्ली हवाई अंतर साडेअकराशेच्या आसपास आहे, त्यावरून अंदाज घ्या. अर्थात टाकी पूर्ण भरली की सहाही जागा भरता येत नाहीत. माणसे न्यायची की इंधन, हे ठरवावे लागते. उतरतानाचा वेग कमी असल्यामुळे लहान धावपट्टीही चालते.

मात्र प्रमाणपत्र मिळणे आणि माल पूर्ण होणे यांत फरक असतो. आपण ताबा घेतला तेव्हा लिफ्ट सुरू व्हायची होती, आठवते ना? तसेच काहीसे. सुरुवातीच्या ग्राहकांना विमान मिळाले, पण दिशादर्शनाची काही साधने चालू नव्हती. "नंतर बसवून देऊ" असे आश्वासन होते. बर्फ साचू शकेल अशा हवेत उडण्याची परवानगी 2008 च्या मध्यापर्यंत मिळालेली नव्हती. यंत्रणा पुरवणारा भागीदार 2007 मध्ये बदलला आणि आधी दिलेल्या विमानांवरही पुन्हा काम करणे आले. कारखान्यातून निघालेला माल पुन्हा कारखान्यात येऊ लागला की नफ्याचे गणित तिथेच संपते.

5 जून 2008 ची एक घटना सांगतो. शिकागोच्या मिडवे विमानतळावर एक एक्लिप्स उतरत होते. वाऱ्याच्या झोतामुळे वैमानिकाने इंजिनांचे दांडे जोरात पुढे ढकलले. चाके टेकल्यावर दांडे मागे ओढले, तरी दोन्ही इंजिने पूर्ण जोरात चालूच! यंत्रणेने दांड्याचे संकेत चुकीचे ठरवून नाकारले होते. वैमानिकांनी पुन्हा उड्डाण केले, हवेतच आपत्कालीन सूचनांचे पुस्तक पाहिले, एक इंजिन बंद केले. मग दुसरे अगदी मंद होऊन बसले, वाढेना. तशाही स्थितीत त्यांनी विमान उतरवले. टायर फुटले, पण चौघेही सुखरूप. काही दिवसांतच सर्व एक्लिप्स विमानांची तपासणी करण्याचा तातडीचा आदेश निघाला. त्या सप्टेंबरात अमेरिकी संसदेच्या समितीपुढे प्रमाणपत्र घाईने दिले गेले का, याची सुनावणीही झाली.

आता पुन्हा हिशेबाकडे. कंपनी सांगत होती की अडीच हजारांहून अधिक मागण्या नोंदलेल्या आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकाच गिऱ्हाइकाच्या! फ्लोरिडातली डेजेट नावाची कंपनी. विमानातली एकेक जागा टॅक्सीसारखी विकायची, छोट्या शहरांना छोट्या शहरांशी जोडायचे, अशी तिची योजना. कल्पना सुंदर होती. ऑक्टोबर 2007 मध्ये सेवा सुरू झाली, 28 विमाने ताफ्यात आली, आणि भांडवल न मिळाल्याने 19 सप्टेंबर 2008 रोजी ती बंद पडली. चौदाशेच्या घरातली मागणी एका दिवसात कागदावरून पुसली गेली.

बँकेत आम्हाला शिकवत, एका कर्जदाराला सगळे कर्ज देऊ नका. तोच नियम उलट बाजूनेही लागू आहे. एका गिऱ्हाइकावर सगळा धंदा उभा करू नका.

तो महिना तुम्हाला आठवत असेल. त्याच आठवड्यात लेहमन ब्रदर्स बुडाली होती आणि जगभर पैसा आटला होता. रॅबर्न जुलैतच पायउतार झाले होते. 25 नोव्हेंबर 2008 रोजी एक्लिप्सने दिवाळखोरीतून संरक्षणासाठी अर्ज केला. युरोपातल्या गुंतवणूकदाराने कंपनी घ्यायचे ठरले, पण रशियाच्या सरकारी बँकेतून यायचा होता तो पैसा आलाच नाही. 2009 च्या सुरुवातीला कंपनी विसर्जनात गेली. एकूण विमाने निघाली 260. कंपनीत शंभर कोटी डॉलरहून अधिक पैसा जिरला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिची सगळी मालमत्ता, आराखडे, साचे, प्रमाणपत्र, सुटे भाग, नव्या मालकांनी घेतले 4 कोटी डॉलरना.

यात सगळ्यात वाईट कोणाचे झाले? मोठ्या भांडवलदारांचे नव्हे, त्यांनी जोखीम समजून पैसा घातला होता. वाईट झाले ते विमानासाठी मोठा हप्ता आगाऊ भरलेल्यांचे, ज्यांना विमान मिळाले नव्हते. त्यांना वाटत होते आपण ग्राहक आहोत. दिवाळखोरीच्या कोर्टात कळले, की आपण विनातारण धनको आहोत. तारण असलेल्यांचे आधी, उरले तर तुमचे. आणि ज्यांना विमान मिळाले होते त्यांची वेगळीच पंचाईत, दुरुस्ती कोण करणार आणि राहिलेली साधने कोण बसवणार?

पण विमान मेले नाही, हे मला विशेष वाटते. नव्या कंपनीने जुनी विमाने सुधारून दिली. पुढे एक्लिप्स 550 नावाने थोडी नवीही काढली, भाव मात्र पंचवीस लाख डॉलरच्या वर. पुढे तीही कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली. जुनी एक्लिप्स मात्र आजही उडतात.

याच काळात सेस्ना या जुन्या कंपनीने मस्टँग नावाचे छोटे जेट काढले. एक्लिप्सच्याच महिन्यात, सप्टेंबर 2006 मध्ये, त्याला प्रमाणपत्र मिळाले. वेग 340 नॉट, म्हणजे एक्लिप्सपेक्षा कमी. भाव सुरुवातीपासून वीस लाख डॉलरच्या वर. कोणी त्याला क्रांती म्हटले नाही. पण 2017 पर्यंत 479 मस्टँग विकली गेली. त्यानंतर सिरस कंपनीचे व्हिजन जेट आले, 2016 मध्ये प्रमाणपत्र मिळाले. एकच इंजिन, वेग आणखी कमी, आणि अडचणीत सबंध विमान खाली उतरवणारी हवाई छत्री. त्यातले इंजिन कोणाचे? त्याच विल्यम्स कंपनीचे, पण वेगळ्या जातीचे, कसून पारखलेले. ती पाचशेहून अधिक विकली गेली.  आठ-नऊ लाख डॉलरचे जेट मात्र आजतागायत कोणी देऊ शकलेले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की एक्लिप्सच्या अभियंत्यांनी वचन बरेचसे पाळले. जे पाळता येण्यासारखे नव्हते ते भावाचे वचन होते, आणि लोकांनी पैसे त्या वचनावर भरले होते.

हे आपल्या हॉलमध्ये का सांगितले? आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. आज ना उद्या पुनर्विकासाचे प्रस्ताव येतील. गुळगुळीत कागदावरची चित्रे येतील, पोहण्याचा तलाव येईल, जास्तीच्या क्षेत्रफळाचा आकडा येईल. चित्र बघा, जरूर बघा. इमारत कदाचित उत्तम होईलही. पण विशेष सर्वसाधारण सभेत तीन प्रश्न विचारायला विसरू नका. हा आकडा कशाच्या भरवशावर दिलाय, आणि विक्रीची घरे निम्मीच खपली तर तो टिकेल का? सगळी भिस्त एकाच कोणावर आहे का? आणि काम अर्धवट राहिले तर आपण रांगेत कितवे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नका; बँक गॅरंटीचा कागद घ्या, आणि तो कागद कोणत्या तारखेपर्यंत चालतो तेही वाचा.

ज्यांची मुले नवे घर बुक करत आहेत त्यांच्यासाठी एक. रेरा कायद्याने घर घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी वापरणे विकासकावर बंधनकारक केले आहे. कुणाच्या तरी बुडालेल्या पैशांतूनच असे नियम जन्माला येतात. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती बघता येते. मुलांना बघायला सांगा. ती म्हणतील, "बाबा, तुम्ही फार शंका काढता." काढू द्या. शंका काढायला पैसे पडत नाहीत.

 चहा तयार आहे असे खुणावले जात आहे, म्हणून इथेच थांबतो.